सहलीला निघताना : रात्री कुणी कुठे झोपायचं?



दिवाळीचा फराळ डब्यांत पडला की पाठोपाठ सहलीचे बेत सुरू होतात. गाडीचं रिझर्व्हेशन, औषधांची पिशवी, वाटेत खायला दशम्या आणि चटणी, सगळ्याचा विचार आपण आठवडाभर आधी करून ठेवतो. पण हॉटेलच्या खोलीत रात्री कुणी कुठे आडवं व्हायचं, हे मात्र खोलीचं कुलूप उघडल्यावरच सुचतं. मुलं लहान होती तोवर तसं चालूनही गेलं. दोन पलंग जोडायचे, आडव्या उशा लावायच्या की झालं! मुलगी पंधरा वर्षांची आणि मुलगा तेराचा झाला की तेच गणित अडतं.

तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. महाबळेश्वरला तीन रात्रींचा बेत, यजमानांनी एक खोली ठरवली, आणि मुलगी म्हणते, ‘मी येत नाही, मी आजीजवळ राहते.’ वडील चिडले. घरी एका खोलीत झोपता ना, मग तिथेच कसले नखरे? आईला मात्र कारण ठाऊक आहे. मुलीची तारीख नेमकी त्याच दिवसांत येते आहे, आणि भावाच्या शेजारी, एकाच पलंगावर, एकाच रजईत ती रात्र काढायची तिला लाज वाटते. शेवटी बाई विचारतात, ‘मुलीची समजूत कशी घालू?’

अहो, समजूत मुलीची घालायचीच नाही. घालायची ती यजमानांची!

बहीण-भाऊ एका खोलीत झोपले म्हणून काही बिघडत नाही. आपल्याकडची निम्मी घरं अशीच आहेत, आणि त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. पण घरी तिची गादी वेगळी असते, पांघरूण वेगळं असतं, कपाटातला एक कप्पा तिचा असतो. न्हाणीघर कधी मोकळं असतं तेही तिला ठाऊक असतं. हॉटेलात यातलं काहीच नसतं. चार माणसं, एक पलंग, एक बाथरूम आणि कपडे बदलायला आडोसा नाही. शिवाय पलंगाचं मापच पाहा. हॉटेलातला डबल बेड साधारण पाच ते सहा फूट रुंद असतो. सहा फुटांत चौघं म्हणजे माणशी दीड फूट. दीड फुटात घरची उशीसुद्धा आडवी मावत नाही. एवढा हिशेब यजमानांना कागदावर मांडून दाखवा. पुरुषमंडळींना भावनेपेक्षा फूटपट्टी लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

आता पैशांचं बघू. पहिली वाट म्हणजे एक खोली आणि जादा गादी. हॉटेलवाले तिला एक्स्ट्रा बेड म्हणतात, पण बेड या शब्दावर जाऊ नका. बहुतेक ठिकाणी ती जमिनीवर टाकायची गादीच असते, आणि पुष्कळदा पातळ. फोनवर चार गोष्टी विचारून घ्याव्यात. गादी की घडीची कॉट? एका खोलीत जास्तीत जास्त किती जादा गाद्या मिळतात? बऱ्याच हॉटेलांत एकच देतात. त्या भाड्यात सकाळची न्याहारी धरली आहे का? आणि मूल कितव्या वर्षापर्यंत लहान धरतात? पाच वर्षांपर्यंत फुकट, बारापर्यंत कमी दर आणि बारानंतर मोठ्या माणसाचा दर, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते, पण सगळीकडे सारखी नसते. तेरा वर्षांच्या मुलाला अकराचा सांगून दोन-चारशे रुपये वाचवण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. काउंटरवर आधार कार्ड मागतात, आणि मुलगा शेजारी उभा राहून सगळं ऐकत असतो.

दुसरी वाट दोन खोल्यांची. ‘दोन खोल्या’ म्हटलं की घरात वीज कोसळल्यासारखं होतं, पण जरा हिशेब करा. समजा, एका बऱ्या हॉटेलात खोलीचं भाडं ३,००० रुपये आहे आणि जादा गादीचे ९०० रुपये. दोन गाद्या घेतल्या की झाले ४,८००. तेवढ्याच पैशांत २,४०० च्या दोन साध्या खोल्या येतात. डोंगराचा देखावा आणि गॅलरी नसेल, पण दोन पलंग आणि मुख्य म्हणजे दोन बाथरूम! सकाळी सहा ते नऊ गरम पाणी आणि साडेसातला गाडी निघणार, अशा वेळी दुसऱ्या बाथरूमची किंमत कळते. करही तपासून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या दराने कुणी बिल केलं तर तिथल्या तिथे विचारावं.

दोन खोल्या घेतल्या तर एकीत आपण दोघं आणि दुसरीत मुलं, असं करू नका. मुलांना मोकळीक मिळेल असं वाटतं खरं, पण मूळ अडचण तशीच राहते. शिवाय अठराच्या आतल्या मुलांनाच स्वतंत्र खोली द्यायला पुष्कळ हॉटेलं तयार नसतात. प्रत्येक खोलीत एक मोठं माणूस हवं, असा त्यांचा नियम असतो. तेव्हा आई-मुलगी एका खोलीत आणि वडील-मुलगा दुसऱ्या खोलीत, हेच बरं. लग्नघरात कार्यालयात आपण नाही का, बायका-मुली एका खोलीत आणि पुरुषमंडळी बाहेर हॉलमध्ये झोपत? त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तीन रात्री नवरा-बायको वेगळ्या खोल्यांत झोपले म्हणून संसाराला काही होत नाही, उलट वडिलांचं घोरणं एकट्या मुलाच्या वाट्याला येतं!

खोल्या मागताना शब्द नेमका वापरावा. ‘शेजारच्या खोल्या’ वेगळ्या आणि ‘आतून दार असलेल्या खोल्या’ वेगळ्या. लहान गावच्या हॉटेलांत आतून जोडलेल्या खोल्या सहसा नसतात. त्या नसल्या तरी निदान एकाच मजल्यावर, समोरासमोर मिळतील असं आधी पक्कं करून घ्यावं. नाहीतर एक खोली पहिल्या मजल्यावर आणि दुसरी मागच्या इमारतीत, आणि टूथपेस्ट मात्र एकच!

याखेरीज चार खाटांची कौटुंबिक खोली काही हॉटेलांत असते, तिची चौकशी करावी. देवदर्शनाला निघणाऱ्यांची सोय तर आणखी सोपी आहे. शेगावला, शिर्डीला, पंढरपूरला भक्तनिवासांतून चारचौघांच्या राहण्यासारख्या खोल्या मिळतात. डामडौल नाही, पण कुटुंबाला पुरे. कोकणात घरगुती राहण्याची व्यवस्था असते, तिथे लांबट खोलीत ओळीने गाद्या घालून देतात. तिथला क्रम आपल्या आजीच्या वेळचाच ठेवा. भिंतीकडेला मुलगी, मग आई, मग मुलगा आणि दाराशी वडील. रात्री उठायचं झालं तर मुलीला कुणाला ओलांडावं लागणार नाही, अशी बाजू बघावी.

एकच खोली घेणं भाग असेल तर पलंगावर आई आणि मुलगी, खाली दोन गाद्यांवर बाप-लेक. गादी एकच मिळाली तर? घरून एक सतरंजी आणि जाड रजई न्यावी. गाडीने जात असाल तर याचं ओझं होत नाही. पांघरूण मात्र प्रत्येकाचं वेगळं हवं. हॉटेलात दोघांत मिळून एक मोठी रजई देतात, ती पहाटेपर्यंत कुणातरी एकाकडेच गेलेली असते. आपापली सोलापुरी चादर पिशवीत टाकली की वाद मिटतो.

एक नवीनच खूळ हल्ली निघालं आहे. ते म्हणजे बाथरूमची भिंत काचेची! कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, पण मोठी मुलं बरोबर असलेल्या कुटुंबाने तिथे करायचं काय? फोनवरचे फोटो नीट पाहा, आणि आतून पडदा आहे का ते विचारा. खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा बाथरूमची कडी लावून बघावी. सामानात नायलॉनची दोरी, चार चिमटे आणि एक जुनं सुती पातळ असू द्या. दोन खिळ्यांमध्ये दोरी बांधली की कपडे बदलायला आडोसा तयार. त्याच पातळाची घडी मुलीच्या अंथरुणावर घालता येते, म्हणजे चादरीला डाग पडेल या धास्तीने ती रात्रभर जागी राहणार नाही. तिचे पॅड, गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं आणि एक गडद रंगाचा टॉवेल तिच्या स्वतःच्या पिशवीत ठेवावा. सगळ्यांच्या मिळून एका बॅगेत नको. भावाला मोजे शोधताना ती बॅग उपसायची सवय असते.

दोन्ही मुलगेच आहेत, किंवा दोन्ही मुलीच आहेत, म्हणून प्रश्न सुटला असंही नाही. सोळा वर्षांच्या मुलाचे पाय पलंगाबाहेर जातात आणि धाकटा झोपेत लाथा झाडतो. खाली गादीवर कोण, हे घरूनच ठरवून निघावं आणि रोज आळीपाळीने ठेवावं. ‘तू मोठी आहेस, तू समजून घे’ म्हणत दर वेळी मुलीलाच खाली झोपवायची आपली खोड फार जुनी आहे. ती या सहलीपासून मोडली तर फार छान.

सासूबाई बरोबर असतील तर त्यांना जमिनीवरची गादी देऊ नये. गुडघ्यांना उठबस होत नाही. बाथरूमजवळचा पलंग त्यांचा. नात त्यांच्या सोबतीला झोपली तर दोघींची सोय होते, पण रात्री तीनदा उठून आजीला धरून नेण्याचं काम एकट्या नातीवर टाकू नका. तीही सुट्टीवरच आली आहे.

आणि दोन-तीन कुटुंबं मिळून निघालात, तर ‘सगळी मुलं एका खोलीत’ ही सूचना हमखास येते. मामेभाऊ, आतेभाऊ, शेजाऱ्यांचा कॉलेजातला मुलगा, सगळे त्यात येतात. अशा वेळी हसून, पण स्पष्ट नाही म्हणावं. पत्ते, गाणी, भेंड्या बारापर्यंत खुशाल चालू द्या. झोपायला मात्र मुली मावशी-काकूजवळ आणि मुलगे काका-मामाजवळ. आणि कुठलंही मूल, मुलगी असो की मुलगा, ‘मला त्या खोलीत नाही झोपायचं’ किंवा ‘मला अमक्याशेजारी नको’ म्हणालं, तर सगळ्यांदेखत कारण विचारू नये, थट्टा तर मुळीच करू नये. तिथल्या तिथे अंथरूण उचलून आपल्याजवळ घालावं. कारण त्याला सांगायचं असेल तर ते नंतर, एकांतात सांगेल. सांगितलं तर नीट ऐकून घ्या, मग ते नातं कितीही जवळचं असो.

तीन रात्री दोन खोल्या परवडत नसतील तर दोनच रात्री राहावं. तिसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने जेवणाच्या वेळेला घरी. खोली ठरवताना आगाऊ रक्कम भरण्याआधी माणसं किती, वयं काय, गाद्या किती, खोल्या कुठल्या मजल्यावर, हे सगळं मोबाइलवर लिहून पाठवावं आणि त्याचं लेखी उत्तर मागवून जपून ठेवावं. काउंटरवर माणूस बदललेला असला की तोंडी बोलणं कुणालाच आठवत नाही.