रकान्यात ‘होय’ लिहिताना

जेवणाच्या टेबलावर प्रस्तावपत्र पसरलेलं होतं. विम्याचं काम बघणारे काका समोर बसले होते. माझ्या वडिलांची पॉलिसीही त्यांनीच काढून दिली होती. नाव, जन्मतारीख, उंची, वजन, नोकरी असं सगळं भराभर लिहून झालं आणि आरोग्याचं पान आलं. ‘हृदयविकार, छातीत दुखणे, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे का? होय / नाही.’ काकांचं पेन तिथं थांबलं. आवाज खाली आणून ते म्हणाले, ‘‘हे बघ, दीड वर्ष झालंय. आता तू ठणठणीत आहेस. इथं ‘नाही’ लिहून टाकू. ‘होय’ लिहिलंस तर फाइल हलायची नाही.’’

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, माझ्या काळजीनंच ते बोलत होते. मलाही त्या क्षणी ते पटलं होतं. चव्वेचाळीसाव्या वर्षी एका पहाटे छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, दुपारी एक स्टेंट बसला आणि तिसऱ्या दिवशी मी घरी आलो. घरी आल्यावर पहिला हिशोब केला तो घराच्या कर्जाचा. चौदा वर्षांचे हप्ते बाकी, मुलगी आठवीत आणि माझ्या नावावर जुनी तीन लाखांची एकच पॉलिसी. विमा मिळणं ही माझी निकड होती. एका शब्दानं काम होत असेल तर होऊ दे, असं वाटून गेलं.

स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी असलेली बायको तेवढ्यात म्हणाली, ‘‘काका, हे पैसे मागायला मीच जाणार ना? मग ह्यांनी लिहिलेलं खोटं तेव्हा मी एकटीनं निस्तरायचं का?’’

त्या एका प्रश्नानं मला आयुर्विमा समजला. प्रस्तावपत्रावर सही माझी असते, पण त्याची उलटतपासणी होते ती माझ्या माघारी. प्रश्न विचारले जातात दहा-बारा दिवसांपूर्वी कुंकू पुसलेल्या बाईला. नवऱ्याला आधी काही त्रास होता का, कुठल्या दवाखान्यात नेलं होतं, कागद दाखवा. हॉस्पिटलची नोंद, औषधांच्या चिठ्ठ्या, मेडिक्लेमचे जुने कागद, यातलं काहीच लपत नाही. माझ्या ‘नाही’ची किंमत तिला मोजावी लागली असती.

नंतर मी कायदा वाचला. विमा कायदा, १९३८ मधलं कलम ४५ प्रत्येक पॉलिसीधारकाला माहीत हवं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ते असं सांगतं की पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीला कुठल्याही कारणानं तिच्यावर शंका घेता येत नाही. त्या तीन वर्षांत मात्र माहिती लपवल्याचं कारण दाखवून दावा नाकारता येतो. लबाडीचा हेतू नसून माहिती चुकीची असेल तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत द्यावे लागतात, विम्याची रक्कम मात्र जाते. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. हप्ता थकून पॉलिसी बंद पडली आणि ती पुन्हा चालू केली, तर ही तीन वर्षं नव्यानं मोजली जातात.

‘तीन वर्षं ढकलली की सुटलो,’ असं कितीतरी जण सांगतात. पण ज्याच्या हृदयात स्टेंट आहे त्याला नेमकी याच तीन वर्षांची धास्ती असते. तेवढा काळ घरच्यांना जीव मुठीत धरून बसवायचं, याला विमा कसं म्हणायचं? २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. पॉलिसी निघाल्यावर महिन्याभरात मुलगा गेला. पोटाचा आजार त्यानं प्रस्तावपत्रात लिहिला नव्हता. ग्राहक आयोगांनी आईच्या बाजूनं निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं कंपनीचं म्हणणं मान्य केलं. दरम्यान रक्कम देऊन झाली होती आणि आई सत्तरीची होती, म्हणून तिच्याकडून ती परत घ्यायची नाही, एवढी दया दाखवली गेली. म्हातारपणी त्या माउलीला कुठवर जावं लागलं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

काकांनी शेवटी ‘होय’वर बरोबरची खूण केली आणि म्हणाले, ‘‘दे, आता सविस्तर लिहू.’’ कुठल्या तारखेला, कुठली रक्तवाहिनी, किती स्टेंट, सध्या कुठल्या गोळ्या. सोबत डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीचा रिपोर्ट, ताजा टूडी इको आणि माझ्या हृदयरोगतज्ज्ञांचं पत्र जोडलं. कंपनीला बघायचं असतं ते इतकंच : झटक्यात हृदयाचा किती भाग दुखावला, आता पंप किती ताकदीनं चालतो, कोलेस्टेरॉल आणि साखर ताब्यात आहे का, माणूस तंबाखू खातो किंवा सिगारेट ओढतो का. म्हणून उपचारानंतर लगेच अर्ज करू नये. सहा महिने ते वर्षभर थांबावं, रिपोर्ट स्थिर होऊ द्यावेत, मगच जावं. घाईत केलेला अर्ज नामंजूर झाला की पुढच्या प्रत्येक अर्जात ‘यापूर्वी नकार मिळाला आहे का?’ या प्रश्नाचंही उत्तर द्यावं लागतं.

कंपनीच्या वैद्यकीय तपासणीत टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची चाचणी, होती. उघड्या छातीला वायरी चिकटवल्या आणि पट्टा सुरू झाला. आधी चालणं, मग चढ, मग जवळजवळ धावणं. दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा दर तीन मिनिटांनी आवळायचा. आजारानंतर मी जिनासुद्धा मोजून चढत होतो. नवव्या मिनिटाला तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, ‘‘काका, दम लागला तर सांगा, थांबवते.’’ मी म्हटलं, ‘‘चालू दे.’’ कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि मला इतका आनंद झाला होता की बोलता येत नव्हतं. विमा मिळेल न मिळेल, आपलं हृदय अजून आपल्याला साथ देतंय, हे मला त्या पट्ट्यावर कळलं.

पहिल्या कंपनीनं दोन ओळींच्या ईमेलनं नकार दिला. नकाराचं कारण एका शब्दानंही सांगितलं नाही. दुसरीनं होकार दिला, पण अटी घालून. एक कोटी मागितले होते, पन्नास लाख मंजूर केले. मुदत साठाव्या वर्षापर्यंत आणि हप्ता निरोगी माणसाच्या जवळजवळ दुप्पट. विम्याच्या भाषेत हा जादा हप्ता. मी सही केली. विमा महाग पडला, पण तो खऱ्या माहितीवर उभा आहे. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी शून्य झाला आहे. जादा हप्ता भरणाऱ्यांना तो मोठाच आधार आहे.

ज्यांना सगळीकडून नकार येतो त्यांनी हात टेकू नयेत. वैद्यकीय तपासणी न मागणारं संरक्षणही असतं. पीएफ कापला जात असेल तर त्याच्याशी जोडलेला ईडीएलआय विमा असतो. त्यात वारसाला सात लाखांपर्यंत मिळतात आणि कामगाराच्या खिशातून त्यासाठी काही जात नाही. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचं संरक्षण मिळतं. पन्नाशीपर्यंत बँकेच्या खात्यातून नाव घालता येतं, फक्त पहिल्या तीस दिवसांत अपघाताखेरीज मृत्यू झाला तर रक्कम मिळत नाही. नोकरीच्या ठिकाणी गटविमा असेल तर त्याचीही चौकशी करावी. या रकमांनी घराचं कर्ज फिटणार नाही, पण पहिली दोन वर्षं घर उभं राहील.

आणि विमा कंपन्यांना माझं मनापासून सांगणं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. लाखाच्या पुढे जाणारा औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपयांवर आला आणि गिरणीतल्या, शेतातल्या, रिक्षा चालवणाऱ्या माणसालाही तो परवडू लागला. जीव वाचलेली ही माणसं आता वर्षानुवर्षं कमावणार आहेत, मुलांना शिकवणार आहेत. विम्याची खरी गरज त्यांनाच आहे. नकार द्यायचा तर कारण लिहून द्या, आणि कुठल्या रिपोर्टात किती सुधारणा झाली तर पुन्हा विचार कराल, तेही सांगा. पाच वर्षं नियमानं गोळ्या घेणाऱ्याचा जादा हप्ता पुन्हा तपासा. खरं सांगणाऱ्याला शिक्षा झाली, तर पुढचा माणूस ‘नाही’च लिहील.

पॉलिसी घरी आली तेव्हा तिच्यासोबत प्रस्तावपत्राची प्रत होती. ती ओळीनं ओळ वाचून बघा. तीस दिवसांत काही चूक दिसली किंवा पटलं नाही, तर पॉलिसी परत करता येते. आमच्याकडे ते वाचन बायकोनं केलं. आरोग्याच्या पानावर ती थांबली, ‘होय’वर बोट ठेवलं, खालची तारीख वाचली. मग कपाटातून माझी हॉस्पिटलची फाइल काढली आणि डिस्चार्ज कार्डाच्या मागच्याच प्लॅस्टिकच्या पाकिटात पॉलिसी सरकवली.

‘‘दोन्ही एका ठिकाणी ठेवलेत,’’ ती म्हणाली. ‘‘दोन्हींत एकच लिहिलंय.’’