आजोबांचा वस्तरा

कॉलेजात कोणी घरचा धंदा विचारला, की मी विषय बदलत असे. परवा आजोबांच्या धोकटीतला वस्तरा साफ केला. तेल लावून, हाताने. यंत्रावर घासला तर पाते तापून त्याचे पाणी उतरते, छापही पुसला जातो. गंजाखालून जर्मनीतल्या झोलिंगेनचे नाव वर आले!

असे जुने वस्तरे हौशी लोक जमवतात, चकाकवून कपाटात मांडतात. खुशाल मांडावेत, पण ते धरणाऱ्या हातांचा इतिहासही सांगावा. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. हातची मिळकत जाणार हे ठाऊक असूनही त्यांनी वस्तरा मिटला.

मित्रहो, त्या मिटलेल्या वस्तऱ्याचा मला अभिमान वाटतो. आता मी विषय बदलणार नाही.