धूर आणि अनुमान

धूर दिसतांच अग्नीचें अनुमान करावें, हें आम्ही न्यायशास्त्रांत शिकलों. परंतु निजलेल्यानें अनुमान कसें करावें? गेल्या माघांत रात्रीं देवघराचा पडदा पेटला. धूरसूचक यंत्र कंठ फोडून ओरडत होतें (तीन मीटरांवर ८५ डेसिबल!), माडीवर निजलेल्या आमच्या बहिऱ्या आक्कांस गंधवार्ता नव्हती. सूनबाई जागी होती म्हणून निभावलें.

पुढें चिरंजीवांनीं यंत्राशेजारीं चिमुकला बिनतारी प्रेषक लाविला. एरवीं तो कुंभकर्णासारखा निजतो, म्हणून त्याची बॅटरी पुष्कळ पुरते. कर्कश नाद होतांच जागा होऊन संदेश धाडतो व आक्कांच्या उशीखालची चकती थरथरते. संदेश घेणाऱ्यास मात्र अखंड ऐकत राहणें भाग, म्हणून तो इन्व्हर्टरच्या विजेवर. मूळ यंत्राची तार मीं कापूं दिली नाहीं. प्रेषक मेला तरी ओरडणारा ओरडलाच पाहिजे. दर रविवारीं कळ दाबून परीक्षा होते, आणि आक्का दर रविवारीं रागावतात.