खाते आपल्याच नावाचे हवे



मुदत ठेवीच्या पावत्या, रक्त तपासणीचे रिपोर्ट, विम्याचे कागद यांच्या प्रती घरच्या संगणकावरून गूगल ड्राइव्हमध्ये ठेवणे सोयीचे आहे. पण बऱ्याच घरांत आईचे कागद मुलाच्या खात्यात जातात. माझे मत स्पष्ट आहे. बँकेचे खाते जसे आपल्या नावाचे, तसेच हेही. पासवर्ड आपला आणि तो विसरल्यास लागणारा मोबाइल नंबरही आपलाच. मुलांना दाखवायचे तेवढेच फोल्डर शेअर करावे, तेही फक्त पाहण्यापुरते.

फुकट जागा 15 जीबी मिळते. त्यातच जीमेल आणि गूगल फोटोही मावायचे असतात. जागा भरली की मेल येणेही थांबते. म्हणून आधी कागदपत्रे. लग्नाचे व्हिडिओ नकोत.

संगणकावर ड्राइव्हचा प्रोग्रॅम बसवला की त्याच्या फोल्डरमधली फाइल आपोआप वर जाते. पण इथून पुसली की तिथूनही जाते. ट्रॅशमध्ये ती 30 दिवस असते, नंतर नाही. म्हणून एक प्रत पेन ड्राइव्हवर हवीच.

नॉमिनीसारखी सोयही आहे. खात्याच्या सेटिंगमधल्या 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये विश्वासाच्या माणसाचे नाव द्यावे. आपण ठरवलेले महिने खाते वापरले गेले नाही, तर आपण निवडलेली माहिती त्याला मिळते.

"मला कुठे जमणार?" असे म्हणू नका. घरखर्चाची वही इतकी वर्षे आपणच लिहिली ना?