मागची बाजू

चाकणच्या कारखान्यांत गाडीच्या सुट्या भागांची बर, म्हणजे कडांना उरलेली खरखर, काढायला ते व्हायब्रेटरमध्ये सिरॅमिकच्या खड्यांबरोबर घुसळतात. चिंचवडच्या फ्लॅटमध्ये चांदीची कर्णफुलं घडवणारी बाई ती छोट्या टंबलरमध्ये स्टीलच्या छऱ्यांबरोबर घोळवते. खडे धातू झिजवतात, छरे तो दाबून चमकवतात. शिस्त मात्र एकच, ओरखडा पुढच्या टप्प्यावर ढकलायचा नाही. कानशीनंतर 400 नंबरचा पॉलिश पेपर, मग 800, मग 1200, आणि दर वेळी घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या रेघा उरल्यात का ते लगेच दिसतं. घाईने थेट बफ लावला तर खोल ओरखडे जात नाहीत, चकाकीत अधिकच उठून दिसतात. फिरत्या बफला साखळी कधीच लावू नये. ती गुंडाळली की बोटंही ओढली जातात. मास्क आणि चष्मा हवाच. शेवटी सोनारांचा जुना सोबती रिठा: त्याच्या फेसात मऊ पितळी ब्रशने घासलं की खाचांतला मळ निघतो. पुढे हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडतेच. तेव्हा बिनखड्याच्या साध्या दागिन्याला गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि ॲल्युमिनियमची फॉइल पुरते. कोल्हापूरजवळच्या हुपरीत घरोघरी चांदी घडते, तशी ती आपल्या चाकण-चिंचवडच्या उद्योगनगरीतही घडावी असं मला मनापासून वाटतं. घडवणाऱ्यांना एवढंच सांगेन: मागची बाजूही तितकीच नीट घासा. ती कुणाला दिसत नाही, पण अंगाला तीच लागते.