संदर्भांची मोजणी आणि विद्वत्तेचे मोल

महाविद्यालयीन अध्यापकाची निवड वा पदोन्नती व्हावयाची असली, की आजकाल पहिला प्रश्न विचारला जातो तो 'निबंध किती?' हा आणि दुसरा 'त्यांचे संदर्भ इतरांनी किती वेळा दिले?' हा. निबंधात सांगितले आहे काय, हा तिसरा प्रश्न बहुधा राहूनच जातो. संशोधक मानसशास्त्राचा असो की कृषिशास्त्राचा, त्याची सारी हयात दोन आकड्यांत बसविण्याची ही रीत डोळे मिटून स्वीकारावी काय? परभणीकरांनी तरी याचा विचार करावयास हवा. कारण या प्रश्नाचे एक बोलके उत्तर याच मातीत रुजले आहे.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणुजन्य रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि हाती आलेले पीक घालवितो. 'पूसा सावनी' हा लोकप्रिय वाणही त्यापुढे टिकेना. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे व वाय. एस. नेरकर यांनी भेंडीचा एका दुसऱ्या प्रजातीशी संकर करून ही प्रतिकारशक्ती पुढील पिढ्यांत कशी उतरते, याचा अभ्यास केला. तो निबंध १९८१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. त्याच कामातून 'परभणी क्रांती' हा वाण निघाला आणि गावाचे नाव देशभरच्या भेंडीच्या वाफ्यांत पोहोचले. निबंधाचे संदर्भ मोजता येतात. परंतु घरचे बी राखून पुन्हा पेरणारा शेतकरी तळटीप देत नाही. मग त्याचे ऋण कोणत्या रकान्यात मांडावयाचे?

अर्थात, संदर्भ देण्याची प्रथा मुळात निर्मळ आहे. आपण कोणाच्या खांद्यावर उभे आहोत, याची ती जाहीर कबुली होय. पुढे अनेक ठिकाणी 'परभणी क्रांती'चीही प्रतिकारशक्ती उणावली, हे नंतरच्या संशोधकांनी मूळ कामाचा हवाला देऊनच नोंदविले. शास्त्र असेच पुढे सरकते. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये संदर्भांची सूची प्रसिद्ध केली, तीही मुख्यतः अभ्यासकाला हवे ते वाङ्मय सापडावे म्हणून. २००५ मध्ये हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने निर्देशांक सुचविला: ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस संदर्भ मिळाले, त्याचा अंक वीस. वाटाड्याचा असा हळूहळू न्यायाधीश झाला.

हा न्यायाधीश सत्य पारखतो, असेही नाही. मानसशास्त्रातील तीन प्रतिष्ठित नियतकालिकांतले शंभर प्रयोग अनेक संशोधकांनी मिळून पुन्हा करून पाहिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की मूळचा परिणाम संख्याशास्त्रीय कसोटीवर जेमतेम ३६ टक्के प्रयोगांत पुन्हा उतरला. तात्पर्य, नामांकित ठिकाणी छापले गेले म्हणून ते सिद्ध झाले, असे नव्हे.

आपल्याकडे २०१० च्या नियमावलीने प्रकाशनांना गुण लावले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे चांगलेच फावले. मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्यानंतर आणलेली नवी यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली आणि नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर आली. यात धोका आहे तसाच लाभही आहे. आकड्यांची कुबडी गेली म्हणून वशिल्याची काठी हाती घ्यावी, असा तिचा अर्थ कोणी करू नये. आकड्याकडे वळण्यामागे वशिल्याचीच भीती होती, हे विसरून कसे चालेल?

उपाय साधा आहे. उमेदवाराने आपले दोनच निबंध निवडून द्यावेत. समितीने ते वाचावेत, त्यावर त्याला प्रश्न विचारावेत आणि आपला अभिप्राय लेखी नोंदवावा. संदर्भांची संख्या साक्षीदार म्हणून खुशाल बोलवावी, निकाल मात्र तिच्या हाती देऊ नये. याला वेळ लागेल, हे खरे. पण ज्या अध्यापकाच्या हाती आपण आपली मुले तीस वर्षांसाठी सोपवितो, त्याचे दोन निबंध वाचण्याइतकीही सवड आपणांस नसेल, तर दोष त्या आकड्यांना कशाला द्यावा?