‘प्रश्न उद्भवत नाहीं’

आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या घरीं सायंकाळच्या गप्पांत जीं कांहीं मतें विचाराशिवाय हातोहात फिरत असतात, त्यांत एक मत असें कीं, संसदेंतील व विधिमंडळांतील प्रश्नोत्तरें म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय होय. सभासदांनीं ओरडावें, मंत्र्यांनीं टोलवावें, अध्यक्षांनीं घंटा वाजवावी, आणि ह्या सर्व खेळाचा खर्च कर भरणारांनीं सोसावा, ह्यांत लोकहित तें कोणतें? त्यापेक्षां तो एक तास बंद ठेवून मंत्र्यांस आपापल्या खात्याचें काम करूं द्यावें, असें हे व्यवहारी गृहस्थ म्हणतात. हें मत नुसतें चुकीचें असतें तर आम्ही त्याच्या वाटेस गेलों नसतों. परंतु तें घातकहि आहे, आणि २०२० सालीं तें प्रत्यक्ष अंमलांत येऊन गेलें आहे. तेव्हां त्याचा परामर्श जरा सविस्तर घेणें प्राप्त आहे.

त्या वर्षीं सप्टेंबरच्या १४ तारखेस संसदेचें पावसाळी अधिवेशन भरलें तें प्रश्नोत्तराच्या तासावांचून. कारण साथीचें सांगण्यांत आलें. लेखी उत्तरें तेवढीं मिळतील, तोंडी विचारपूस नाहीं, अशी व्यवस्था झाली. पूर्वीचे दाखलेहि काढण्यांत आले : १९६२ चें चीनचें आक्रमण आणि १९७५ ची आणीबाणी. पहिल्या प्रसंगीं निदान शत्रु सरहद्दीवर उभा होता. दुसरा दाखला आपल्या समर्थनार्थ देणें म्हणजे स्वतःच्या सदाचरणाची साक्ष काढण्यासाठीं तुरुंगाच्या दप्तराकडे बोट दाखविण्यासारखें आहे. ज्या ब्रिटिश पार्लमेंटपासून आपण हा प्रघात उचलला, तेथेंहि साथ होतीच. पण तेथें २२ एप्रिल २०२० रोजीं कांहीं सभासद सभागृहांत व कांहीं आपापल्या घरीं पडद्यासमोर बसले, आणि पंतप्रधानांच्या प्रश्नांची वेळ ठरल्याप्रमाणें पार पडली. खुद्द पंतप्रधान आजारांतून उठत होते, म्हणून त्यांच्या जागीं परराष्ट्रमंत्री राब उभे राहिले. आमच्या शाळकरी मुलांचे वर्ग ज्या साधनानें महिनेच्या महिने चालले, त्या साधनानें मंत्र्यांस प्रश्न विचारतां आले नसते असें मानण्यास आम्हांस तरी कारण दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, लेखी उत्तरें तर मिळत होतीं ना? मग अडलें कोठें? असें म्हणणारास प्रश्नोत्तराचें मर्मच कळलेलें नाहीं. लोकसभेंत दररोज वीस प्रश्नांवर तारा काढलेला असतो. ते तारांकित प्रश्न, आणि त्यांचें उत्तर मंत्र्यानें उभें राहून द्यावयाचें असतें. उरलेल्या दोनशें तीस अतारांकितांचीं उत्तरें पटलावर ठेवलीं कीं काम संपलें. मूळ प्रश्नाची सूचना कमींत कमी पंधरा दिवस आधीं द्यावी लागते. तेवढ्या अवधींत कारकुनापासून सचिवापर्यंत सर्वांचे हात त्या उत्तरावरून फिरतात. शब्द न् शब्द तासून गुळगुळीत करण्यांत येतो. असल्या प्रश्नास भिणारा मंत्री अजून जन्मावयाचा आहे. त्याला धाक असतो तो उपप्रश्नाचा. ‘आपण म्हणतां चौकशी चालू आहे, ती कोण करीत आहे? सुरू केव्हां झाली?’ असें कोणी उठून विचारलें, म्हणजे टिपणांत नसलेलें उत्तर द्यावें लागतें, आणि मंत्र्यास आपलें खातें कितपत ठाऊक आहे हें साऱ्या सभागृहास क्षणांत कळून चुकतें.

हा उपप्रश्नाचा हक्क आकाशांतून पडलेला नाहीं. १८९२ च्या कायद्यानें कौन्सिलांतील सभासदांस प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. पण उत्तर कसेंहि असो, तें ऐकून मुकाट्यानें खालीं बसावें लागे. १८९५ सालीं लोकमान्य टिळक मुंबईच्या कौन्सिलांत निवडून गेले ते असल्या अर्ध्या हक्कानिशीं. १९०९ च्या सुधारणांनंतर मूळ प्रश्नकर्त्यास तेवढा उपप्रश्न विचारतां येऊं लागला, आणि १९१९ च्या कायद्यानंतर इतरांसहि. परक्या सरकारपासून बोट बोट करून जें मिळविण्यास सत्तावीस वर्षें लागलीं, तें एका अधिवेशनापुरतें काढून घेण्यांत आलें, आणि आमच्या व्यवहारी गृहस्थांस त्याची हळहळहि वाटली नाहीं.

आतां त्या अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशीं काय झालें तें पहा. टाळेबंदींत गांवीं परततांना किती स्थलांतरित मजूर मृत्यु पावले, आणि त्यांच्या कुटुंबांस सरकारनें कांहीं भरपाई दिली काय, असें मजूरखात्यास विचारण्यांत आलें होतें. मजूरमंत्री संतोषकुमार गंगवार ह्यांचें लेखी उत्तर आलें कीं, अशी माहिती ठेवण्यांत आलेली नाहीं. सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाहीं. वाचकांस स्मरत असेल, त्याच वर्षीं ८ मे रोजीं पहांटे, जालन्याहून भुसावळकडे पायीं निघालेले मध्य प्रदेशांतील मजूर करमाडजवळ रुळांवरच झोंपीं गेले, आणि मालगाडीखालीं त्यांतील सोळा जण चिरडले गेले. रुळांत विखुरलेल्या त्यांच्या भाकरींचें छायाचित्र देशभर छापून आलें. महाराष्ट्र व मध्य प्रदेश ह्या दोन्ही राज्यसरकारांनीं मृतांच्या कुटुंबांस प्रत्येकीं पांच लाख रुपये जाहीर केले. म्हणजे दोन राज्यांपुढें जो प्रश्न मे महिन्यांतच उद्भवला होता, तो केंद्राच्या मजूरखात्यापुढें सप्टेंबर उजाडला तरी उद्भवला नव्हता! बरें, ह्या खात्यास मोजणें येत नाहीं असेंहि नव्हे. गांवीं परतलेल्या मजुरांची संख्या एक कोटी चार लक्षांहून अधिक, असा राज्यवार हिशोब त्यानेंच त्या अधिवेशनांत दिला. पोहोंचले ते मोजले. वाटेंत राहिले ते मोजले नाहींत. आणि त्याच आठवड्यांत रेल्वेमंत्री पीयूष गोयल ह्यांनीं राज्यसभेस कळविलें कीं, श्रमिक गाड्यांतून प्रवास करतांना ९ सप्टेंबरपर्यंत ९७ माणसें दगावलीं. एका खात्यापाशीं जी मोजदाद होती, ती दुसऱ्यानें मागितली होती काय? हा उपप्रश्न शेंबड्या पोरासहि सुचला असता. पण तो विचारावयाचा तास त्या अधिवेशनांत नव्हता.

आमच्या जुन्या शास्त्रकारांनीं ह्या बाबतींत मोठी सावधगिरी बाळगली आहे. कुमारिलभट्टाच्या अनुयायी मीमांसकांनीं अनुपलब्धि हें सहावें प्रमाण मानलें. भूमीवर घट दिसत नाहीं, एवढ्यावरून तेथें घट नाहीं असें ज्ञान होतें, असा त्यांचा सिद्धांत. परंतु त्यांनीं लगोलग अट घातली कीं, घट असता तर तो दिसलाच असता अशी स्थिति पाहिजे. अंधाऱ्या कोठडींत घट दिसला नाहीं, म्हणून घट नाहीं, असें म्हणणारास त्यांनीं वादांत उभेंहि केलें नसतें. आमच्या सरकारी खात्यांची अनुपलब्धि ही अशी अंधाऱ्या कोठडींतली आहे. आणि दिवा लावण्याचें काम ज्याच्याकडे सोंपविलें, तोच दारांतून सांगतो कीं आंत कांहीं दिसत नाहीं.

दुसरा मासला २० जुलै २०२१ चा. दुसऱ्या लाटेंत प्राणवायूच्या टंचाईमुळें किती रोगी दगावले, अशा अर्थाचा प्रश्न राज्यसभेंत होता. आरोग्यखात्याच्या राज्यमंत्री डॉ. भारती पवार ह्यांनीं लेखी उत्तर दिलें कीं, आरोग्य हा राज्यांचा विषय आहे आणि प्राणवायूच्या अभावीं मृत्यु झाल्याचें राज्यांनीं विशेषेंकरून कळविलेलें नाहीं. ह्या बाईंस मंत्रिपद मिळून दोन आठवडेहि झाले नव्हते, आणि उत्तरांतील एकहि शब्द खोटा नव्हता, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. पण त्यांचा स्वतःचा मतदारसंघ नाशिक जिल्ह्यांतला. त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरांत, महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयांत, २१ एप्रिल रोजीं टांकीस गळती लागून प्राणवायूचा पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशीं बावीस रोगी गेले. पण तो ‘अपघात’. सबब टंचाईच्या सदरांत बसत नाहीं. गोमंतकांत तर मे महिन्यांत तेथील आरोग्यमंत्र्यांनींच, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत एका पहांटे सव्वीस रोगी दगावल्याचें सांगून, उच्च न्यायालयानें चौकशी करावी अशी मागणी केली होती. मृत्यूच्या दाखल्यावर फुप्फुसाचा, हृदयाचा विकार लिहिलेला असतो; तेथें ‘प्राणवायूचें नळकांडें वेळेवर आलें नाहीं’ असा रकानाच नाहीं. राज्यांनीं कळविलें नाहीं, कारण त्यांना कळवावयाचें नव्हतें. केंद्रानें पुन्हां विचारलें नाहीं, कारण त्यास ऐकावयाचें नव्हतें. दोघांनीं मिळून एक निर्दोष वाक्य तयार केलें. कांहीं राज्यांत एक पक्ष होता, केंद्रांत दुसरा. पण ह्या वाक्याच्या कामीं त्यांचें अगदीं एकमत झालें.

ह्याच्या उलट, प्रश्नाचा पिच्छा पुरविला म्हणजे काय घडतें, तेंहि आपण पाहिलें आहे. १९५७ सालीं नव्यानेंच स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळानें हरिदास मुंदडा ह्यांच्या कंपन्यांचे सुमारें सव्वा कोटी रुपयांचे भाग घेतल्याबद्दल लोकसभेंत प्रश्न निघाले. उत्तरांनीं समाधान झालें नाहीं. म्हणून डिसेंबरांत फिरोज गांधींनीं तो विषय पुराव्यानिशीं सभागृहापुढें मांडला. हे गृहस्थ सरकारपक्षाचेच सभासद आणि पंतप्रधानांचे जांवई. परंतु विमा उतरविणाऱ्यांचा पैसा कोठें गेला हें विचारण्यास त्यांना ह्या दोहोंपैकीं एकहि नातें आड आलें नाहीं. पुढें मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला ह्यांनीं मुंबईंत उघड्या दालनांत चौकशी केली, आणि १९५८ च्या फेब्रुवारींत अर्थमंत्री कृष्णम्माचारी ह्यांस पायउतार व्हावें लागलें. सचिवानें केलें, मला ठाऊक नव्हतें, ही सबब छागलांनीं चालूं दिली नाहीं. सर्वांत अधिक विचार करण्यासारखें हें कीं, तेव्हां सरकारपक्षाचें बहुमत प्रचंड होतें. बहुमतानें मंत्रिमंडळ टिकतें. उत्तर टिकतेंच असें नाहीं.

येथें आमचे व्यवहारी गृहस्थ आपलें राखून ठेवलेलें अस्त्र काढतात : सभासद पैसे घेऊन प्रश्न विचारतात! घेतात खरे. १९५१ सालीं मुदगल नांवाच्या मुंबईच्या सभासदानें येथील सराफी व्यापाऱ्यांच्या संघाकडून पैसे घेतल्याचें समितीस आढळलें, आणि हकालपट्टीच्या ठरावावर त्यास राजीनामा द्यावा लागला. २००५ च्या डिसेंबरांत तर अकरा सभासद एका दिवसांत घालविण्यांत आले. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. पण ह्यावरून अनुमान कोणतें निघतें? खोटें नाणें कोणी पाडतो तें खऱ्या नाण्यास बाजारांत किंमत असते म्हणून. जो प्रश्न निरुपयोगी, त्यासाठीं व्यापारी थैली कशाला सोडील? सभासदांच्या आळसाविषयीं मात्र आम्हांस कांहींच बचाव करावयाचा नाहीं. २००९ च्या नोव्हेंबरांत एके दिवशीं लोकसभेंत प्रश्न छापलेले होते, मंत्री हजर होते, आणि विचारणारेच जागेवर नव्हते. तास मध्येंच आटोपला.

माहितीच्या अधिकाराचा कायदा असतां संसदेंत विचारावयास कशास पाहिजे, असाहि एक युक्तिवाद आहे. तो लंगडा आहे. अर्जदारास कागद मिळतो, तोहि खात्यानें ठेवला असेल तर. धोरण असें कां, ह्याचा जाब तो मंत्र्यास विचारूं शकत नाहीं. शिवाय, जी माहिती संसदेस नाकारतां येत नाहीं ती कोणाहि नागरिकास नाकारूं नये, अशा आशयाचें एक वाक्य २००५ च्या त्या कायद्यांत होतें. २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यांत तें गाळण्याची तरतूद करण्यांत आली. एक दार अरुंद होत असतां दुसऱ्याची गरज नाहीं असें म्हणणें, ह्यास आम्ही तरी व्यवहार म्हणणार नाहीं.

खरी खुबी आहे ती निराळीच. लोकसभेची आश्वासनांविषयींची एक समिति १९५३ पासून आहे. ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवण्यांत येईल’ असें मंत्री म्हणाला, कीं तें आश्वासन ठरतें, तीन महिन्यांची मुदत सुरू होते आणि समिति त्याच्या मागें लागते. परंतु ‘माहिती ठेवण्यांत येत नाहीं’ असें म्हटलें, कीं आश्वासनच उरत नाहीं आणि समितीचा हात पोहोंचत नाहीं. नुसत्या एका क्रियापदाचा हा फेर! जें खातें असें उत्तर देईल, त्यानें ती माहिती कां ठेवीत नाहीं, न ठेवण्याचें कोणीं ठरविलें, आणि ती केव्हांपासून ठेवूं लागेल, हें त्याच उत्तरांत लिहिणें सक्तीचें करावें. त्यास घटनेंत फेरफार नको. सभागृहाचा एक नियम पुरे.

आमच्या महाराष्ट्रांतील रीत पाहूं. विधानसभेच्या तारांकित प्रश्नांच्या याद्या छापल्या जातात व विधिमंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. प्रश्नाचा सांचा ठरलेला : ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, चौकशी केली आहे काय’, आणि शेवटीं, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तराचा सांचाहि ठरलेला : ‘हे अंशतः खरे आहे’, आणि खालीं, ‘प्रश्न उद्भवत नाही’. अंश किती, हें छापलेलें नसतें. आरोग्यकेंद्रांत वैद्य नाहीं, पाणीपुरवठ्याची योजना अर्धवट पडली, शाळेचें छप्पर गळतें, असे आपल्याच गांवांचे प्रश्न त्यांत असतात. आमच्या महाविद्यालयांतून राज्यशास्त्राचे विद्यार्थी डायसी घोकतात. ह्या याद्या त्यांच्या हातीं कोणी देत नाहीं. त्यांच्या आईबापांनीं तरी पुढच्या अधिवेशनाच्या यादींतून आपल्या तालुक्याचा एक प्रश्न शोधून काढावा, उत्तर वाचावें, आणि आमदारसाहेब एखाद्या लग्नकार्यांत भेटले म्हणजे, अक्षता पडण्यापूर्वीं, त्यांस विचारावें कीं, ‘साहेब, ह्यावर आपण उपप्रश्न कां विचारला नाहींत?’